दुसऱ्या शिंगाचा स्वर

ब्रेशिया, ९ नोव्हेंबर १८४६, सोमवार

तुल्लिओच्या ऑपेराचा पहिला अंक आज नकलेसाठी माझ्याकडे आला. त्यानं स्वतः आणला नाही. ठेकेदार बोस्केत्तीनं थिएटरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याबरोबर पाठवला, वर चिठ्ठी: ‘आर्केत्ती, नेहमीचंच काम. सगळ्या वादकांच्या वह्या नाताळच्या आत हव्यात.’

नेहमीचंच काम. सदतीस वर्षं मी, जोविता आर्केत्ती, या थिएटरचा नकलनवीस आहे. संगीतकार एका मोठ्या पानावर सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहितो. त्यातून व्हायोलिनवाल्याचं व्हायोलिनवाल्याला, शिंगवाल्याचं शिंगवाल्याला, असं ज्याचं त्याला वेगळं काढून द्यायचं, हा माझा धंदा. दोनशेच्या वर ऑपेरा या हाताखालून गेले. त्यांत माझ्या मुलाचा हा पहिला.

ही वही बायकोच्या, मेनेगाच्या सांगण्यावरून सुरू केली. ती म्हणाली, “दिवसभर स्वतःशी पुटपुटत बसता, ते कागदावर पुटपुटा. माझ्या कानांना तरी सुट्टी मिळेल.”

तुल्लिओचं अक्षर होतं तसंच आहे. स्वरांच्या शेपट्या उजवीकडे झुकलेल्या, जणू प्रत्येकाला कुठंतरी जायची घाई. लहानपणी किती वेळा सांगितलं असेल.

१२ नोव्हेंबर

पडदा उघडायच्या आधीचं वादन उतरवून झालं. चांगलं बांधलंय.

वरचं वाक्य लिहून शाई वाळेपर्यंत बघत बसलो. चांगलं नाही, फार चांगलं आहे. सत्ताविसाव्या वर्षी इतकं मोजकं लिहिणं सोपं नसतं. या वयात माणसाला जेवढं येतं तेवढं सगळं एकाच पानावर ओतायचं असतं. यानं हात आवरलाय. कुठं शिकला हे, ठाऊक नाही. माझ्याकडे नाही शिकला.

१५ नोव्हेंबर, रविवार

तुल्लिओ जेवायला आला. मिलानहून येऊन तीन आठवडे झाले, आज दुसऱ्यांदा आला. उतरलाय बोस्केत्तीच्या घरी, कारण तिथं पियानो आहे. आपल्याकडे पियानो नाही हे खरं. पण पलंग आहे.

“काय बाबा, कुठवर आलं?”

“तिसऱ्या प्रवेशापर्यंत. अक्षर सुधार.”

“तुम्ही आहात म्हणून तर बिघडवतो. मिलानच्या नकलनवीसाला माझं ओ की ठो कळत नाही.”

मला बरं वाटलं. दाखवलं नाही.

मेनेगानं त्याच्या ताटात मक्याच्या पिठाची पोलेंता वाढली, वर शिजवलेला ससा, आणि मला म्हणाली, “कसं झालंय ते सांगा की त्याला. आल्यापासून तुमच्या तोंडाकडे बघतोय पोरगा.”

मी म्हटलं, “बासूनवाल्याला दम घ्यायला जागा ठेवलेली नाहीस.”

तुल्लिओ हसला आणि आणखी पोलेंता मागितली. तो गेल्यावर भांडी आवरताना मेनेगा म्हणाली, “आपलं लग्न झालं त्या वर्षी तुम्ही लिहिलेलं प्रार्थना-संगीत चर्चमध्ये गायलं होतं. तेव्हा मामंजी काय म्हणाले होते?”

“काही म्हणाले नव्हते.”

“तेच म्हणते मी.”

हिला असं कोड्यात बोलायची सवयच आहे.

२७ नोव्हेंबर

नायिका पहिल्यांदा रंगमंचावर येते तिथलं गाणं आज केलं. एक पान दोनदा उतरवलं. गरज नव्हती. एक प्रत थिएटरला जाईल, दुसरी मेजाच्या खणात ठेवली.

मला हे सुचलं असतं का? नाही. तिशीत, अंगात रग होती तेव्हा सुचलं असतं? तेव्हाही नाही. ही गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या स्वतःला दुसरं काही सांगता येणार नाही.

शेगडीचा धूर फार होतो. दिवसभर डोळ्यांतून पाणी.

४ डिसेंबर

दुसरा अंक. ऑपेराचं नाव ‘इझेओची वधू’. लग्नाच्या दिवशीच मार्ताच्या नवऱ्याची होडी सरोवरात बुडते. गावाला कळलंय, तिलाही सांगितलंय, पण ती ऐकतच नाही. काठावर उभी राहून, तो आता येईलच अशा थाटात पाण्याकडे बघत गाते. तिच्या गाण्याखाली व्हायोलिनं हळूहळू पुढं सरकतात, आणि दुसरं शिंग एकच स्वर धरून बसतं. व्हायोलिनं कुठल्या कुठं गेली तरी शिंग आपलं तिथंच. तालाची सहा मापं हे चालतं. कानाला चक्क खुपतं.

उघड आहे, घाईघाईत शिंगाचा स्वर बदलायचा राहून गेला. मोठमोठ्या संगीतकारांच्या असल्या चुका मी गुपचूप दुरुस्त केल्यात. दोघांनी नंतर आभार मानले, बाकीच्यांना पत्ताही लागला नाही.

विचारायला हवं होतं का? तो तिकडं बोस्केत्तीकडे गायिकेला गाणं बसवून देतोय. एका स्वरासाठी त्याला कशाला बोलवायचं. चौथ्या मापापासून शिंग अर्धा स्वर खाली आणलं. आता कसं लोण्यासारखं बसतं.

बऱ्याच दिवसांनी आज जेवण गोड लागलं. मेनेगाला म्हटलं, “बापाचाही थोडा उपयोग असतो.” ती म्हणाली, “कोण नाही म्हणतंय?”

२० डिसेंबर

सगळ्या वह्या थिएटरला पोचल्या. बोटांना भेगा पडल्यात, शाई थंडीनं घट्ट होते. बोस्केत्ती म्हणाला, “आर्केत्ती, तुमच्यासारखी नक्कल अख्ख्या लोंबार्दीत नाही.” तुल्लिओबद्दल काही बोलेल म्हणून थोडा वेळ उभा राहिलो. तो दिव्यांच्या तेलाबद्दल बोलायला लागला.

७ जानेवारी १८४७, गुरुवार

आज वाद्यवृंदाची तालीम. मी नेहमीप्रमाणे बाजूला पडद्याआड स्टुलावर होतो. पहिला व्हायोलिनवाला गिदिनी धनुकलीनं इशारे करत होता, तुल्लिओ त्याच्याशेजारी उभा. मला आपलं उगीच वाटत होतं की तो उंच झालाय.

दुसऱ्या अंकात ते गाणं आलं तसा त्यानं हात वर केला. “दुसरं शिंग, खाली येऊ नका. आहे तिथंच थांबा.”

दुसरं शिंग म्हणजे पास्क्वाले तोनेल्ली. तीस वर्षांचा माझा दोस्त. तो म्हणाला, “मी लिहिलंय तेच वाजवतोय.”

“काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. मीच लिहिलंय. पुन्हा घेऊ.”

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच झालं. तुल्लिओ आवाज न चढवता म्हणाला, “पास्क्वालेकाका, वही बाबांच्या हातची आहे. त्यांच्या हातून स्वर चुकत नाही. तुम्ही जरा नीट बघा.”

पास्क्वालेनं चष्मा पुसला आणि वहीत नाक खुपसलं. मी उठलो. “दे ती वही. घरी नेऊन पडताळतो,” म्हटलं आणि कुणी मागायच्या आत कोटात घातली. बाहेर पडताना बोस्केत्ती माझ्या कानाशी लागला, “म्हातारा झाला तोनेल्ली. व्हेरोनात एक तरणा शिंगवाला मोकळा आहे.”

‘त्यांच्या हातून स्वर चुकत नाही.’ चाळीस माणसांसमोर म्हणाला.

८ जानेवारी

सकाळी खिडकीपाशी मूळ पान आणि वही शेजारीशेजारी ठेवली. तुल्लिओची चूक नव्हती. शिंगाच्या सहा मापांवरून त्यानं धरून ठेवायची एक लांब कमान ओढलीय, एका दमात, हात न उचलता. राहून गेलेली गोष्ट अशी दिसत नाही. ठरवून केलेली गोष्ट अशी दिसते.

डिसेंबरात मला ही रेघ दिसली नव्हती का?

दिसली होती.

सुरीनं माझे स्वर खरवडले, राळेची पूड घासून कागद गुळगुळीत केला आणि त्याचे स्वर बसवले. सदतीस वर्षांचा हात आहे, भिंग लावूनही कुणाला कळायचं नाही. दुपारी वही पास्क्वालेच्या जागेवर ठेवून आलो. विषय संपला.

९ जानेवारी, शनिवार

संपला नाही. आज तालमीत पास्क्वालेनं बिनचूक वाजवलं, आणि संध्याकाळी थेट आमच्याकडे आला. टोपीही काढली नाही, बसला.

“जोविता, परवा मला तिथं खालचा स्वर दिसत होता. येशूची शपथ घेतली असती मी. आज बघतो तर वरचा आहे.”

मी म्हटलं, “उजेड कमी होता.”

“त्याच उजेडात तीस वर्षं वाजवतोय. डोळे गेले माझे. सोमवारी बोस्केत्तीला सांगून टाकतो, व्हेरोनाच्या माणसाला बोलाव म्हणून.”

“एका स्वरासाठी?”

“तो स्वर तुल्लिओचा आहे. त्याला खांद्यावर बसवून मी मिरवणुका दाखवल्यात. भर प्रयोगात त्याचं वाजवताना चुकलो तर तोंड कुठं लपवू?”

मेनेगानं त्याला वाइन दिली. तो अर्धी ठेवून गेला. दार लावून ती माझ्याकडे बघत राहिली.

“काय?”

“काही नाही. तो बोलत होता तेवढा वेळ तुम्ही त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाहीत.”

१० जानेवारी, रविवार

चर्चमध्ये कबुलीला गेलो. फादर म्हणाले, “हे मला सांगून मोकळं व्हायचं काम नाही, आर्केत्ती. ज्याला सांगायचं त्याला सांग. मग ये.” पायरीवर घसरलो, गुडघा सुजलाय.

११ जानेवारी, सोमवार

तुल्लिओला एकट्याला गाठून सांगायचं असं ठरवून लवकर निघालो. पण पोचलो तेव्हा पास्क्वाले बोस्केत्तीपुढं टोपी हातात घेऊन उभा होता, आणि बोस्केत्ती मान डोलवत होता. वादक वाद्यं जुळवत होते. तुल्लिओ गिदिनीशी बोलत होता. थांबायला वेळ नव्हता.

मी सगळ्यांच्या मधोमध जाऊन म्हणालो, “पास्क्वालेची नजर शाबूत आहे. त्याच्या वहीत मीच स्वर बदलून लिहिला होता. आणि शुक्रवारी कुणाला न सांगता खरवडून नीट केला.”

जुळवणी थांबली. तुल्लिओचा चेहरा पांढरा पडला. मग तो वादकांकडे वळला आणि अगदी सहज म्हणाला, “माझंच अक्षर वाईट. मूळ पानावर तिथं काही धड दिसत नाही. चूक माझी आहे.”

मला तिथं गप्प बसता आलं असतं. सगळ्यांनी ते मानलं असतं. माझा मुलगा माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि इतकं छान बोलत होता की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. पण उद्या गावात कुणीतरी म्हणणार, आर्केत्तीच्या पोराला नीट लिहिता येत नाही. ते मला ऐकवलं नसतं.

“नाही,” मी म्हटलं. “पान स्वच्छ होतं. रेघ मला दिसली होती. मला वाटलं, मला जास्त कळतं.”

पास्क्वाले माझ्यासमोर आला. “दोन दिवस मी आंधळा म्हणून वावरलो, जोविता. बायकोला काठी बघायला सांगितली होती.” मागे कुणीतरी हसलं. तो हसला नाही. आपल्या जागेवर जाऊन बसला आणि शिंग तोंडाला लावलं.

तालमीनंतर तुल्लिओ पडद्याआड आला. माझ्या स्टुलाशेजारी जमिनीवरच बसला, कपड्यांची पर्वा न करता.

“का बदललंत?”

“खुपत होतं.”

“खुपायलाच हवं तिथं.”

“का?”

“सांगता नाही येत मला, बाबा. तुम्ही ऐका.”

रागावला असता तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी, रविवार

काल पहिला प्रयोग झाला. काल काही लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून आज सकाळी सगळं क्रमानं लिहितो.

तुल्लिओनं आम्हाला तिसऱ्या मजल्यावरच्या एका कक्षात जागा मिळवून दिली होती. इतकी वर्षं मी या थिएटरचे ऑपेरा बाजूनं बघितले, गायकांच्या पाठी आणि कोपरं बघत. समोर बसून बघायची पहिलीच वेळ. मेनेगानं काळा रेशमी पोशाख पेटीतून काढून घातला होता. त्याला कापराचा वास येत होता. खाली पांढऱ्या कोटातले ऑस्ट्रियन अधिकारी, वर गॅलरीत विणकर आणि लोहार, सगळं गच्च.

पहिल्या अंकात नायकाचं होडीवरचं गाणं झालं आणि लोक उठून उभे राहिले. तीनदा म्हणायला लावलं. गाणं झोकदार आहे, उद्या न्हाव्याच्या दुकानात ऐकू येईल. पण मी ते उतरवलंय, मला माहीत आहे, तुल्लिओनं ते डाव्या हातानं, सहज लिहिलंय. तरी टाळ्यांचा तो आवाज अंगावर आला तेव्हा मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

दुसऱ्या अंकात मार्ता काठावर आली तोवर लोक बोलून दमले होते आणि खायला लागले होते. शेजारच्या कक्षात एक बाई संत्रं सोलत होत्या. गाणं सुरू झालं. व्हायोलिनं सरकायला लागली. मी पास्क्वालेकडे बघत होतो. त्यानं स्वर लावला आणि धरला.

व्हायोलिनं पुढं गेली. सरोवर, गाव, होडी, सगळं पुढं गेलं. शिंग तिथंच राहिलं. मार्ता तिथंच राहिली. ते खुपणं म्हणजे तीच होती, दुसरं काही नव्हतं. खालचा स्वर लिहिला असता तर तिलाही कळून चुकलं असतं की तो गेला, आणि मग गाण्यासारखं काही उरलंच नसतं.

मेनेगानं माझा हात धरला. तिला स्वर वाचता येत नाहीत. तिला मी या शिंगाबद्दल काही सांगितलंही नव्हतं, म्हणजे स्वर कुठला आणि कुठं हे नव्हतं सांगितलं. ती पुढं बघतच म्हणाली, “तेव्हा सतरा वर्षांचा होता तो. मला वाटायचं, त्याचं लक्ष नाही.”

दहा वर्षांपूर्वी, कॉलऱ्याच्या साली आमची आंजोला गेली. नऊ वर्षांची होती. त्यानंतर अख्खा हिवाळा मेनेगा जेवणाच्या वेळी चौथी ताटली मांडायची. मी काही न बोलता ती उचलून कपाटात ठेवायचो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मांडायची, मी पुन्हा उचलायचो. तुल्लिओ समोर बसलेला असायचा. याबद्दल आमच्या घरात कधी कुणी एक शब्द बोललं नाही. मला वाटायचं, मी योग्य तेच करतोय.

पडदा पडल्यावर तुल्लिओला सात वेळा बाहेर बोलावलं. त्याला वाकता येत नाही नीट, खांबासारखा उभा राहतो आणि मग एकदम मोडल्यासारखा होतो. टाळ्या वाजवून माझे तळहात अजून दुखतायत.

खाली त्याच्याभोवती गर्दी होती. बोस्केत्ती त्याला मिलानच्या एका प्रकाशकाच्या माणसापाशी ओढत होता. मी लांबच उभा राहिलो. त्यानंच मला पाहिलं, माणसं बाजूला सारत आला, आणि नुसता उभा राहिला, लहानपणी पाटी घेऊन उभा राहायचा तसा.

मी म्हटलं, “दुसरं शिंग.”

“ऐकू आलं?”

“आलं.”

“बाकी कुणी त्याबद्दल बोललं नाही, बाबा. सगळे ते होडीचंच गाणं म्हणतायत.”

“बाकीचे संत्री खात होते.”

तो हसायला लागला आणि हसता हसता त्यानं कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं. मला काय करावं ते कळेना. पाठीवर थोपटलं. मग म्हटलं, “जा, तो प्रकाशकाचा माणूस थांबलाय.”

मागच्या दारानं पास्क्वाले निघाला होता. त्याला म्हटलं, “सुरेख धरलास.” तो म्हणाला, “मला माहीत आहे. तुझ्याशी मी ईस्टरनंतर बोलणार आहे.”

२३ जानेवारी

न्हाव्याकडे गेलो तर खुर्ची लगेच रिकामी झाली. “या या, तुल्लिओचे वडील आले.” कोपऱ्यावरचा चेस्टनट भाजणारा, चर्चचा घंटा वाजवणारा, सगळे तेच. सदतीस वर्षं या गावात आर्केत्ती म्हणजे मी होतो. आता आर्केत्ती म्हटलं की तो, आणि मी त्याचा कोणीतरी.

घरी येऊन हे सांगितलं तर मेनेगा म्हणाली, “मग नाव बदलून घ्या.” नंतर म्हणाली, “मला लग्नानंतर कुणी नावानं हाक मारली का कधी? काही झालं नाही मला.”

मिलानच्या प्रकाशकानं ऑपेरा घेतलाय. धातूच्या पत्र्यावर कोरून छापणार. एकदा कोरला की पाहिजे तितक्या प्रती. मला आनंद झाला, हे लिहून ठेवतो. आणि आज दिवसभर लेखण्या तासत बसलो, एकही लागत नसताना, हेही.

१९ फेब्रुवारी

कार्निव्हल संपला, उपासाचे दिवस सुरू झाले. ऑपेराचे अठरा प्रयोग झाले. आज सकाळी तुल्लिओ टपालगाडीनं मिलानला गेला. शेवटचे चार दिवस आमच्याकडे राहिला. पलंग त्याला आखूड पडतो आता.

गाडीपाशी म्हणाला, “तुम्ही दोघं चला मिलानला.”

“तिथं मी काय करू?”

“काही करू नका.”

“तेच तर जमत नाही मला.”

मेनेगा त्याचा गळपट्टा नीट करत होती. तो माझ्याकडे बघत म्हणाला, “बाबा, त्या दिवशी तालमीत तुम्ही ‘नाही’ म्हणालात ना, पान स्वच्छ होतं म्हणून. त्याच्यावर मला एक प्रवेश लिहायचाय कधीतरी.”

मी म्हटलं, “त्यात गाण्यासारखं काय आहे?”

गाडी वळेपर्यंत तो खिडकीतून हात हलवत होता. मी टोपी काढून उभा होतो, जणू गव्हर्नरच चाललाय. मेनेगानं कोपरानं ढोसल्यावर घातली.

१० एप्रिल

ईस्टर होऊन सहा दिवस झाले. पास्क्वाले आला. बसला, वाइन प्यायला, सबंध ग्लास संपवला. शिंगाचा विषय दोघांनीही काढला नाही. जाताना म्हणाला, “काठी आणलीच होती बायकोनं. तुला हवी तर घेऊन जा.” आणली. बरी आहे. गुडघ्याला आधार होतो.

२८ एप्रिल

मिलानहून मोठं पुडकं आलं. तुल्लिओच्या नव्या ऑपेराचा पहिला अंक, त्याच्या हातचा. मी लगेच रेघा मारायचा पाच दातांचा टाक काढला, कागद मोजायला घेतले. मग चिठ्ठी वाचली.

‘बाबा, हे नकलेसाठी नाही. इथं त्याला माणसं आहेत. तुम्ही फक्त वाचायचं. खुपेल तिथलं पत्रात लिहा. पानाला हात लावायचा नाही.’

मेनेगा शेवटच्या वाक्याला इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

६ मे

चार वेळा वाचलं. सदतीस वर्षांत मी कधी नुसतं वाचलं नव्हतं. हात मोकळे असले की कानाला जास्त ऐकू येतं. हा ऑपेरा पहिल्यापेक्षा चांगला होणार आहे. त्यात एक जागा अशी आहे, तिघंजण एकाच वेळी एकमेकांपासून काहीतरी लपवत गातात, आणि ऐकणाऱ्याला तिघांचंही कळतं. ती वाचून मी खिडकी उघडून उभा राहिलो. हे माझ्या घरातून गेलेल्या माणसानं लिहिलंय.

चार जागा खुपल्या. पत्र तीनदा लिहिलं. पहिल्यात मी त्याला शिकवत होतो. दुसऱ्यात त्याची इतकी स्तुती केली होती की मलाच लाज वाटली. तिसऱ्यात चार जागा लिहिल्या, का खुपतात ते लिहिलं, आणि त्या तीन माणसांच्या गाण्याबद्दल लिहिलं, ‘हे मला जन्मात जमलं नसतं. तुझं वाचताना मला त्याचं वाईट वाटत नाही. थोडं वाटतं.’ मेनेगाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आता टाका टपालात, नाहीतर चौथं लिहायला बसाल.”

१९ मे

आज उत्तर आलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी, आईसाठी दोन ओळी, आणि खाली:

‘बाबा, तीन जागी तुमचं चुकलंय. ते खुपणं मला हवंय. पण पान एकतीसवर तुमचं बरोबर आहे. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, इथं कुणाच्याच आलं नाही. बदललं.’

पत्र मेनेगापुढं ठेवलं. तिनं हात पुसून वाचलं, पुन्हा वाचलं.

“चारात एक,” ती म्हणाली. “वाईट नाही.”

दुपारी त्या तीन जागा पुन्हा काढून बसलो. दोन ठिकाणी त्याचंच खरं आहे, आता दिसतं. तिसऱ्या जागेबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. उद्या त्याला पुन्हा लिहिणार आहे.